आधी टेप, मग प्रोजेक्टर

घरी प्रोजेक्टर लावायचा ठरला की लोक मोबाइलवर किमती बघत बसतात. खरं तर पहिल्यांदा हातात घ्यायची वस्तू म्हणजे पाच मीटरची टेप. टीव्ही कुठल्याही भिंतीवर टांगला तरी त्याचं चित्र चौकोनीच राहतं, कारण त्याची चौकट कारखान्यातच ठरलेली असते. प्रोजेक्टरचं चित्र मात्र तुमच्या खोलीत तयार होतं. ते केवढं होईल, किती उजळ असेल, त्याच्या कडा सरळ पडतील का, हे सगळं खोलीची लांबी, छताची उंची, पंख्याची जागा आणि भिंत ओळंब्यात आहे की नाही यावर ठरतं. त्यामुळे साठ हजारांचं यंत्र भलत्या जागी लावलं तर निम्म्या किमतीच्या, पण नीट बसवलेल्या यंत्रापुढे फिकं पडू शकतं. खोली आधी मोजावी आणि तिला बसेल ते यंत्र शोधावं, या क्रमाबद्दल मी तरी तडजोड करणार नाही.

सुरुवात एका साध्या भागाकाराने होते. प्रत्येक प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात ‘थ्रो रेशो’ नावाचा आकडा असतो. लेन्सपासून पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी, एवढाच त्याचा अर्थ. हा आकडा १.२ असेल तर एक मीटर रुंद चित्रासाठी यंत्र १.२ मीटर मागे न्यावं लागतं. इथे पहिली फसगत होते ती पडद्याच्या मापात. दुकानात सांगतात तो १०० इंच हा पडद्याचा कर्ण असतो. १६:९ प्रमाणाच्या १०० इंची पडद्याची रुंदी भरते ८७ इंच, म्हणजे २२१ सेंटिमीटर, आणि उंची ४९ इंच, म्हणजे साधारण १२४ सेंटिमीटर. २२१ ला १.२ ने गुणा. लेन्स पडद्यापासून २६५ सेंटिमीटरवर, म्हणजे पावणेनऊ फुटांवर हवी. झूम असलेल्या यंत्रावर ‘१.२ ते १.५६’ अशी जोडी छापलेली असते. मग त्याच पडद्यासाठी २.६५ मीटरपासून ३.४५ मीटरपर्यंत कुठेही यंत्र ठेवता येतं. झूम नसलेलं यंत्र घेतलं तर मात्र भिंतीवरच्या एका ठरावीक रेघेलाच तुम्ही बांधले गेलात. स्वस्त प्रोजेक्टरांमध्ये बचत केलेली असते ती बहुतेक वेळा याच भागावर, आणि ती खोक्यावर कुणी मोठ्या अक्षरांत लिहीत नाही.

बसायचं अंतरही याच टेपने मोजून घ्यावं. पडद्याची रुंदी डोळ्याशी ३० ते ४० अंशांचा कोन करत असेल तर चित्र भरगच्च वाटतं, पण मान इकडेतिकडे वळवावी लागत नाही. १०० इंचांसाठी हे अंतर साधारण तीन ते सव्वाचार मीटर येतं. १४ फूट लांबीच्या हॉलमध्ये मागच्या भिंतीला टेकवलेला सोफा यात बरोबर बसतो. तरीही लोक १२० इंचांचा हट्ट धरतात. १०० वरून १२० वर गेलं की चित्राचं क्षेत्रफळ १.४४ पट होतं आणि तोच उजेड तेवढ्या जागेत पातळ पसरतो. प्रत्येक चौरस फुटाच्या वाट्याला जवळजवळ एक तृतीयांश उजेड कमी येतो. डिजिटल सिनेमागृहासाठी पडद्याच्या उजळपणाचं प्रमाण दर चौरस मीटरला ४८ कँडेला असं ठरलेलं आहे. गडद अंधारात, साध्या पांढऱ्या १०० इंची पडद्यावर ते गाठायला जेमतेम ४०० ते ४२५ ल्युमेन पुरतात. मग जाहिरातीतले हजारोंचे आकडे कशाला? कारण रंग खरे दिसावेत अशा सेटिंगवर यंत्राचा उजेड बराच उतरतो, दिवा जुना होतो, झूम लांबवर ओढला की लेन्सही थोडा उजेड खाते, आणि आपल्या हॉलमध्ये गडद अंधार क्वचितच असतो. ‘एएनएसआय ल्युमेन’, म्हणजे प्रमाणित पद्धतीने मोजलेला उजेड, असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याकडे दुर्लक्ष केलेलंच बरं.

आता आपल्याकडच्या खऱ्या अडचणीकडे येऊ. ती म्हणजे पंखा. परदेशी पुस्तिकांमध्ये छताला प्रोजेक्टर टांगायची चित्रं असतात आणि त्या छताला दुसरं काहीही लटकत नसतं. आपला हॉल धरू या १० बाय १४ फुटांचा, स्लॅब साडेनऊ फुटांवर. पंखा खोलीच्या मधोमध, म्हणजे पडद्याच्या भिंतीपासून सात फुटांवर. १२०० मिलिमीटरच्या पंख्याची पाती त्या मध्यापासून दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट जातात. त्यामुळे पाच ते नऊ फूट हा पट्टा पंख्याचा. वर काढलेलं पावणेनऊ फुटांचं अंतर थेट पात्यांच्या खाली येतं. झूम वापरून यंत्र अकरा फुटांवर नेलं तरी उजेडाला पडद्याकडे जाताना पंख्याचा पट्टा ओलांडावा लागतोच. यंत्र स्लॅबला चिकटवून लावलं असेल तर पाती त्या उजेडात फिरतात आणि पडद्यावर सावलीची पिसं नाचत राहतात.

उपाय उंचीत आहे. अशा खोलीत पंख्याची पाती साधारण आठ फुटांवर फिरतात. छताला उलटं टांगलेलं यंत्र उजेड आडवा किंवा खालच्या दिशेने टाकतं, वर टाकत नाही. म्हणजे लेन्स पात्यांच्या खाली, साडेसात फुटांवर आणली की प्रश्न मिटला. आकडे मांडून बघू. अनेक घरगुती यंत्रांत चित्र लेन्सच्या पातळीपासून थोडं सरकलेलं असतं. पुस्तिकेत हे सरकणं, म्हणजे ऑफसेट, १०५ टक्के असेल तर उलट्या टांगलेल्या यंत्राच्या चित्राची वरची कड लेन्सच्या खाली चित्राच्या उंचीच्या ५ टक्के, म्हणजे सहा सेंटिमीटरवर पडते. लेन्स २२९ सेंटिमीटरवर, वरची कड २२३ वर, खालची कड ९९ वर. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे ११० सेंटिमीटरच्या आसपास असतात, म्हणजे नजर चित्राच्या खालच्या भागावर पडते आणि मान मोडत नाही. गणित छान जुळलं. पण स्लॅबपासून दोन फूट खाली आलेला पाईप डुलतो. यंत्र एक दशांश अंशाने जरी हललं तरी तीन मीटरवरच्या पडद्यावर चित्र पाच मिलिमीटर सरकतं. १९२० पिक्सेल रुंदीच्या यंत्रात १०० इंची पडद्यावरचा एक पिक्सेल असतो सव्वा मिलिमीटरच्याही आत. म्हणजे पंख्याच्या थरथरीनेही चार-पाच पिक्सेलांचा कंप येऊ शकतो. जाड पाईप घ्यावा, फास्टनर स्लॅबमध्ये ठोकावेत. पीओपीच्या फॉल्स सीलिंगला स्क्रू मारून प्रोजेक्टर टांगू पाहणारा मिस्त्री भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवावं.

हे सगळं टाळायचं असेल तर मागच्या भिंतीवर पात्यांच्या पातळीखाली फळी ठोकावी, किंवा छोट्या थ्रोचं यंत्र पंख्याच्या पुढे लावावं. ०.५ थ्रो रेशोच्या यंत्राला १०० इंचांसाठी फक्त ११० सेंटिमीटर लागतात, म्हणजे ते पंख्याच्या पट्ट्याच्या अलीकडेच राहतं.

जागा ठरली की प्रश्न येतो कोनाचा. टॉर्च भिंतीवर समोरून मारला तर गोल पडतो, तिरका मारला की लांबट होतो. प्रोजेक्टरचंही तेच. टीपॉयवर ठेवून तोंड वर केलं की चित्राचा वरचा भाग लेन्सपासून जास्त दूर पडतो, म्हणून वरची कड रुंद होते आणि आयताचा समलंब चौकोन होतो. याला कीस्टोन म्हणतात. हल्ली मेनूत त्यावर ‘ऑटो कीस्टोन’ नावाचं बटण असतं आणि विक्रेता ते मोठ्या कौतुकाने दाबून दाखवतो. दोन सेकंदांत चित्र आयताकृती होतं. गिऱ्हाईक खूश.

त्या दोन सेकंदांत झालेलं काय असतं? यंत्राच्या आत एक छोटी चिप असते, तिच्यावर ठरावीक ठिपके. भिंतीवरचा समलंब चौकोन दुरुस्त करायला यंत्र चिपवरच उलटा समलंब चौकोन काढतं, म्हणजे रुंद होणाऱ्या कडेचे ठिपके बंद करतं. १.२ थ्रो रेशोचं, ऑफसेट नसलेलं यंत्र १५ अंश वर कललेलं धरलं तर वरची कड खालच्या कडेपेक्षा साधारण १३ टक्के रुंद होते. दुरुस्ती केल्यावर वरच्या ओळीत १९२० पैकी सुमारे १७०० ठिपकेच कामाला राहतात आणि एकूण चिपचा जवळजवळ आठवा हिस्सा रिकामा पडतो. शिवाय मूळ चित्रातला एक ठिपका आणि चिपवरचा एक ठिपका ही सरळ जोडी मोडते. प्रत्येक ओळ नव्याने ताणून-आखडून काढावी लागते, त्यामुळे सबटायटलच्या आणि एक्सेलच्या आकड्यांच्या कडा मऊ होतात. बंद केलेले ठिपकेही पुरते काळे होत नाहीत. अंधाऱ्या दृश्यात चित्राभोवती करड्या उजेडाची तिरकी चौकट दिसते ती त्यांचीच. गेम खेळणाऱ्यांना आणखी एक भुर्दंड पडतो. ही आकडेमोड करायला काही यंत्रं वेळ घेतात आणि बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा उशीर वाढतो. दोन-तीन अंशांची किरकोळ दुरुस्ती असेल तर माझी हरकत नाही. पंधरा अंश म्हणजे जागा चुकली.

हा तिरकेपणा डिजिटल काळातला नाही. जुन्या एकपडदा थिएटरांत प्रोजेक्शनची खोली बाल्कनीच्याही वर असायची. यंत्र खाली झुकलेलं, म्हणून पडद्यावरच्या चित्राचा तळ रुंद. प्रोजेक्टरमध्ये फिल्मची चौकट जिथून उजेडाला आरपार जाऊ देते, तिथे चौकोनी खिडकी असलेली धातूची अपर्चर प्लेट असते. ऑपरेटर ही प्लेट कानशीने थोडी-थोडी घासून तिची खिडकी उलट्या बाजूने तिरकी करत, म्हणजे पडद्यावर कडा सरळ पडत आणि काळ्या पट्टीशी जुळत. यात कडा तेवढ्या झाकल्या जात. आतलं चित्र तिरकंच राही, नट-नट्यांचे पाय थोडे रुंद. डिजिटल दुरुस्ती आतला आकारही सरळ करते, पण त्याची किंमत ठिपक्यांत घेते. जत्रेतल्या तंबूवाल्यांची सोय वेगळी होती. लॉरीतच बसवलेला प्रोजेक्टर आणि समोर उभा पडदा, त्यामुळे फार झुकवण्याची गरजच कमी. महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजचं जग शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ च्या माहितीपटात आहे. प्रोजेक्टरची हौस असलेल्याने तो जरूर पाहावा.

तिरकेपणाचा खरा इलाज भिंगात आहे आणि त्याला लेन्स शिफ्ट म्हणतात. यात यंत्र कलत नाही. ते भिंतीला समोरासमोर राहतं आणि आतल्या आत लेन्स चिपच्या तुलनेत वर-खाली किंवा बाजूला सरकते. चिप आणि पडदा एकमेकांना समांतर राहिल्यामुळे आयत आयतच राहतो, फक्त त्याची जागा बदलते, आणि एकही ठिपका वाया जात नाही. उंच इमारतींचे फोटो काढणारे जुन्या बेलोज कॅमेऱ्यात हेच करत. मर्यादा आहे ती भिंगाच्या वर्तुळाची. टोकापर्यंत सरकवलं तर कोपऱ्यांत धार आणि उजेड थोडे कमी होतात, आणि उभं सरकवणं पूर्ण वापरलं की आडव्याला फारशी जागा उरत नाही. तरीही दोन यंत्रांत निवड करायची झाली तर जास्त ल्युमेनवाल्यापेक्षा लेन्स शिफ्टवालं घ्या. भाड्याच्या घरात तर नक्कीच, कारण पुढच्या घरातली भिंत कशी असेल हे कुणाला ठाऊक!

प्रत्यक्ष बसवताना गवंड्याची हत्यारं जितकी उपयोगी पडतात तितकं मोबाइलमधलं कुठलंही अॅप पडत नाही. ओळंबा, गुण्या आणि लेव्हल. पडद्याच्या मध्यातून जमिनीवर ओळंबा सोडून खूण करायची. त्या खुणेपासून भिंतीला काटकोनात रेघ आखायची. गुण्या छोटा पडतो, म्हणून तीन-चार-पाचची जुनी युक्ती: भिंतीलगत तीन फूट, समोर चार फूट, आणि दोन टोकांतलं अंतर बरोबर पाच फूट आलं की काटकोन झाला. ही रेघ खोलीभर वाढवून ओळंब्यानेच छतावर चढवायची. या रेघेवर यंत्राचा मध्य आणू नका, लेन्सचा मध्य आणा. अनेक यंत्रांत लेन्स खोक्याच्या एका बाजूला असते आणि छिद्रं पाडून झाल्यावर हे लक्षात येणारे महाभाग दर गल्लीत एक तरी सापडतील.

मग ऑटो कीस्टोन बंद करून सगळे आकडे शून्यावर आणायचे आणि मेनूतला चौकटींचा नमुना पडद्यावर टाकायचा. आता पुन्हा टेप. चित्राची डावी कड उजवीपेक्षा उंच भरली तर उजेड डावीकडे जास्त लांब जातोय, म्हणजे यंत्र मध्यरेघेच्या उजवीकडे आहे आणि तोंड डावीकडे वळलंय. ते डावीकडे सरकवून सरळ करायचं. वरची कड खालच्यापेक्षा रुंद असेल तर यंत्र वर कललंय. कडा मापात जुळल्या तरी चित्र एका बाजूला उतरतं दिसलं तर यंत्र स्वतःभोवती किंचित फिरलेलं आहे. इथे प्लॉटची आखणी करणाऱ्यांची एक सवय धोका देते. चौकोनाचे दोन्ही कर्ण सारखे आले की आखणी बरोबर, असं ते मानतात, कारण त्यांनी समोरासमोरच्या बाजू आधीच सारख्या घेतलेल्या असतात. पण कीस्टोन झालेला सुबक समलंब चौकोनही दोन्ही कर्ण अगदी सारखे दाखवतो. म्हणून कर्णांआधी चारही कडा मोजायच्या. आणि पडदाच वाकडा टांगलेला नाही ना, हे लेव्हल लावून बघायचं. जुन्या घरांत दोष भिंतीचा असतो आणि शिव्या प्रोजेक्टर खातो.

धार शेवटी जुळवायची, आणि तीही लगेच नाही. यंत्र तापलं की भिंगं आणि त्यांची बैठक किंचित प्रसरण पावते आणि थंड असताना जुळवलेली धार सरकते. वीस-तीस मिनिटं काहीतरी चालू ठेवा आणि मग पडद्याजवळ उभं राहून बारीक अक्षरांवर फोकस करा. मध्य आणि डावी बाजू स्वच्छ, उजवी बाजू धूसर, असं दिसलं तर फोकसच्या कडीशी झगडू नका. बहुतेक वेळा यंत्र अजून भिंतीला समोरासमोर नसतं.

भिंतीला चिकटून बसणारी अल्ट्रा शॉर्ट थ्रो यंत्रं हल्ली बरीच खपतात. पंख्याचा प्रश्न नाही, छताला भोक नाही, समोरून कुणी गेलं तर सावली नाही. पण त्यांची तपश्चर्या वेगळी आहे. थ्रो रेशो ०.२५ असेल तर १०० इंची चित्र ५५ सेंटिमीटरवरून पडतं, आणि यंत्र एक सेंटिमीटर मागे सरकलं की चित्र चार सेंटिमीटर रुंद होतं, वरही चढतं. फरशी पुसताना टेबल बोटभर हललं तरी रात्री चित्र पडद्याबाहेर गेलेलं असतं. टेबलाच्या पायांच्या खुणा फरशीवर चिकटपट्टीने करून ठेवाव्यात. दुसरं म्हणजे उजेड भिंतीला घासत वर जातो, त्यामुळे गिलाव्याचा तीन मिलिमीटरचा फुगवटाही वरच्या भागात चित्र त्याच्या दोन-तीनपट सरकवतो आणि क्रिकेटची सीमारेषा नागमोडी होते. खाली ओढायचे, सुरकुत्या पडणारे स्वस्त पडदे इथे चालतच नाहीत. चौकटीत ताणलेला पडदा हवा. या यंत्रांसाठी वरचा उजेड खाणारे खास करडे पडदे मिळतात आणि दिवाणखान्यात ते खरोखर फरक पाडतात. मात्र तोच पडदा छताच्या प्रोजेक्टरला लावू नका. तो वरून येणारा उजेड गिळण्यासाठी बनवलेला आहे आणि तुमचं चित्रही इमानेइतबारे गिळेल.

घराचं काम नव्याने निघालेलं असेल तर गिलाव्याआधी एक गोष्ट करून घ्या. प्रोजेक्टरच्या जागी विजेचा पॉइंट, शक्य असेल तर इन्व्हर्टरच्या लाइनवर, कारण दिव्याच्या यंत्राला बंद झाल्यावर थंड व्हायला काही वेळ पंखा चालू लागतो. त्याच जागेपासून टीव्हीच्या कपाटापर्यंत केबलसाठी पाईप. इलेक्ट्रिशियन सवयीने पाऊण किंवा एक इंची पाईप टाकतात. त्यातून वायर जाते, पण एचडीएमआय केबलचं डोकं साधारण दोन सेंटिमीटर रुंद असतं आणि पहिल्याच एल्बोत अडकतं. दीड इंची पाईप टाकायला सांगा, कोपऱ्यात एल्बोऐवजी लांब बेंड, आणि आत एक नायलॉनची दोरी सोडून ठेवायला लावा.